ग्वाल्हेरच्या पाहुण्यांचे छत्तीस डबे

आमच्या घरात कागदावर खोटं लिहायचं नाही असा नियम आहे. तोंडाने थोडंफार चालतं. "आत्ताच जेवून आलो" किंवा "ते बाथरूममध्ये आहेत" एवढ्यावर कुणी हरकत घेत नाही, पण एकदा पेन टेकलं की जे लिहिलं ते खरं असलंच पाहिजे. ह्याचं मूळ माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या आजोबांत आहे. ते संस्थानाच्या काळात बडोद्याच्या सरकारी दप्तरात कारकून होते, आणि त्यांच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जाते. एकदा जेवायला बसल्यावर त्यांना आठवलं की सकाळी एका बैलाच्या नोंदीत 'तांबडा'च्या जागी 'पांढरा' लिहिलं गेलं. ते हात धुऊन उठले, चालत कचेरीत गेले, 'पांढरा'वर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी 'तांबडा' लिहून सही आणि तारीख घातली, आणि मग परत येऊन गार आमटीभात जेवले. गोष्ट एवढीच. बैलाचं पुढे काय झालं ते कुणाला माहीत नाही.

मी नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये काम करते, आणि आमच्या लॅबमध्येही चूक खोडायची ती अशीच, एक रेघ, सही, तारीख. लग्नाआधी मी हे बोलता बोलता सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पत्रिका मागायचं सोडून दिलं होतं. आमच्या लॅबचा दुसरा नियम म्हणजे लेबल नसलेली बाटली सरळ फेकून द्यायची, मग आत अमृत का असेना. हे दोन नियम आमच्या बडोद्यातल्या, तरसालीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकमेकांवर कसे आपटले, त्याची ही हकीकत.

मला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझी आई नागपूरला दोन्ही गुडघे नुकतेच बदलून घेऊन भिंतीला धरून चालत होती. सासूबाईंची कंबर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा अशी दोनदा बसायची. नवऱ्याला चहा येतो. चहाशिवाय त्याला पोहे भिजवता येतात, पुढचं येत नाही. लॅबमधल्या मैत्रिणीने मला सुचवलं की आधीच दोन महिन्यांचं जेवण करून गोठवून ठेव, हल्ली सगळ्या तेच करतात, नंतर नुसतं गरम करायचं. मला ते इतकं पटलं की मी त्याच संध्याकाळी यादी केली.

नवऱ्याने डीप फ्रीझर शोधून आणला. मांजलपूरचं एक आइस्क्रीमचं दुकान बंद झालं होतं, तिथला. त्याला वरून काचेचं झाकण होतं आणि पुढच्या बाजूला कुल्फी हातात धरून हसणारं एक अस्वल होतं. स्वयंपाकघरात तो मावेना, म्हणून हॉलमध्ये सोफ्याला लागून ठेवला. सासूबाईंनी अस्वलावर क्रोशाचा रुमाल टाकला. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या ओळखीच्या दुकानातून छत्तीस डबे आले. मी गोठवल्यावरही न सुटणारी लेबलं मागवली, पाण्यात उकळली तरी न निघणारी, आणि न पुसणारं पेनही.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. सासूबाई लीलव्याच्या, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांच्या, कचोरीचं सारण करत होत्या, मी टेबलावर लेबलं मांडली आणि त्यांना म्हटलं, आई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा, वर 'बाळंतपण', खाली पदार्थ, खाली तारीख. त्यांनी गॅस बंद केला आणि देवघरापाशी जाऊन बसल्या.

आता हे सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा दिवस गेले होते. सासूबाईंनी तेव्हा पाचव्या महिन्यातच डिंकाचे लाडू करून मोठा स्टीलचा डबा भरला होता आणि त्यावर चिठ्ठी लावली होती, 'बाळंतिणीसाठी'. पाचवा संपता संपता सगळं संपलं. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा तो डबा चिठ्ठीसकट ओट्यावर होता. अन्न टाकायचं नाही, आणि असले लाडू कुणाला देता येत नाहीत. शेवटी आम्ही तिघांनी ते रोज एकेक करून चहाबरोबर खाल्ले. जवळजवळ महिनाभर आम्ही ते खात होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. मग सासूबाईंनी डबा घासून माळ्यावर टाकला.

तेव्हापासून घरात 'बाळ' हा शब्द बंद झाला. ह्या खेपेला सासूबाई नुसतं 'कार्य' म्हणायच्या. 'कार्य झाल्यावर पडदे बदलू', 'कार्याला अजून अवकाश आहे.' माझं पोट दाराच्या आधी खोलीत शिरू लागलं तरी कुणी एक टोपडं विकत आणायचं नाही. स्वयंपाक गोठवून ठेवायला त्या कशाबशा तयार झाल्या होत्या, कारण अन्न कुणाचंही असू शकतं. पण लेबल लावलं की ते त्या कार्याचं होणार.

मी चिडले. पोट वाढतं तसा माझा रागही वाढत होता, आणि मुळात तो काही कमी नव्हता. मी म्हटलं, लेबलाशिवाय एकही डबा ह्या फ्रीझरमध्ये जाणार नाही, मला आमटी आणि सांबार गोठल्यावर ओळखू येत नाही. त्या देवघरापासून हलल्या नाहीत.

"लिहिलं की खरं करावं लागतं," त्या म्हणाल्या. "मागे लिहिलं होतं मी. जे माझ्या हातात नाही ते मी लिहू कशी?"

माझ्याही पोटात तीच भीती होती, मी ती फक्त याद्यांखाली दाबून ठेवली होती.

तोडगा नवऱ्याने काढला. तो म्हणाला, 'पाहुणे' लिहा. सासूबाईंनी विचारलं, कुठले? तो म्हणाला, कुठलेही, ग्वाल्हेरचे लिहा. ग्वाल्हेरचे म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे चुलत भाऊ आणि त्यांची बायको. त्यांना ह्या घराने कित्येक वर्षांत प्रत्येक लग्नामुंजीला बोलावलं होतं आणि ते कधीही आले नव्हते, कारण काकांचं प्रवासात पोट बिघडतं. सासूबाईंना हे पटलं. त्यांनी झरझर छत्तीस लेबलं लिहिली. 'ग्वाल्हेरचे पाहुणे. मटार उसळ.' 'ग्वाल्हेरचे पाहुणे. पुरणपोळी, सहा.' खाली तारीख. फ्रीझर भरत गेला आणि वरच्या काचेतून बघितलं की ओळीने ग्वाल्हेरचे पाहुणे दिसायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांची झोप उडाली. कागदावर खोटं लिहिलं गेलं होतं, तेही छत्तीस वेळा. नवऱ्याने समजावलं की लेबल म्हणजे दप्तर नव्हे. त्या म्हणाल्या, बैलाचा रंग तरी कुठे मोठा होता? मग त्यांनी मनाशी हिशोब केला, की कार्य घडवणं आपल्या हातात नाही, पण पाहुणे बोलावणं आहे, आणि ग्वाल्हेरला रीतसर पत्र टाकलं. 'आपण उभयतां अवश्य यावे, आपल्यासाठी सर्व तयारी करून ठेवली आहे.' आता लेबलं खरी झाली. ते येणार नाहीतच, पण तो त्यांचा प्रश्न. त्या दिवशी दुपारी त्या दोन तास घोरल्या.

उत्तरायण झालं, पतंग उतरले, आणि ग्वाल्हेरहून फोन आला की काकांचं पोट आता एका वैद्याच्या चूर्णाने दगडासारखं झालं आहे, आम्ही गुरुवारी येतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही, कारण इतक्या आग्रहाने बोलावल्यावर तारीख ठरवून येणं बरं दिसत नाही.

ते आले तेव्हा मला नववा लागला होता. काका उंच, काटकुळे, बंद गळ्याचा कोट घातलेले. काकू बुटक्या, दोन्ही हातांत तिळाच्या गजकाचे पुडे. दारातच माझ्या पोटाशी त्यांची टक्कर झाली. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, हिची तब्येत हल्ली जरा सुधारली आहे. काकूंनी मान डोलावली आणि चपला काढल्या. त्यांना वाटलं, बडोद्यात ह्याबद्दल बोलायची पद्धत नसावी. पुढचे आठ दिवस त्या बाईने माझ्या चेहऱ्याखाली नजर नेली नाही. काकांना मात्र काहीच कळलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी हळूच नवऱ्याला विचारलं की सूनबाईंना गॅसचा त्रास आहे का, असल्यास त्यांच्याकडे चूर्ण आहे.

काकांना सोफ्यावर झोपायला जागा दिली होती, म्हणजे फ्रीझरला लागून. सकाळी ते उठले, चष्मा लावला आणि त्यांना काचेखाली स्वतःचं नाव दिसलं. नाव म्हणजे, 'ग्वाल्हेरचे पाहुणे'. त्यांनी ओळीने सगळी लेबलं वाचली, लग्नपत्रिका वाचावी तशी, आणि काकूंना हाक मारली. दोघं फ्रीझरवर वाकून उभे राहिले. नंतर काका आत येऊन सासूबाईंना म्हणाले की त्यांच्या आयुष्यात अशी व्यवस्था त्यांनी पाहिली नाही, आणि आज दुपारी लीलव्याची कचोरी चालेल.

मला वाटलं, सासूबाई काहीतरी सबब सांगतील. त्यांनी निमूट डबा काढला. मी स्वयंपाकघरात त्यांना अडवलं. त्या म्हणाल्या, ज्याच्या नावाचं आहे त्यालाच वाढायला पाहिजे.

मग सुरू झालं. दुपारी दोन डबे, रात्री दोन डबे. काकांचं पोट खरोखरच दगडासारखं झालेलं होतं, त्यात काय घालाल ते राहत होतं. जेवायच्या आधी ते काचेतून बघून ठरवायचे आणि लेबल मोठ्याने वाचून दाखवायचे, पदार्थाचं नाव शेवटी, जरा थांबून. मी मुद्दाम गरम मुगाची खिचडी टाकली तर सासूबाई म्हणाल्या, केलेलं असताना पुन्हा कशाला. नवऱ्याने थेपल्यांचे दोन डबे शर्टाखाली घालून वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेनच्या फ्रीजमध्ये पोचवायचा प्रयत्न केला. जिन्यात त्याला सासूबाई भेटल्या. पाहुण्यांचं चोरतोस, असं म्हणून त्यांनी त्याला परत आणलं, आणि त्याच्या पोटावर डब्याएवढा चौकोनी लाल चट्टा दोन दिवस होता. पाहुण्यांचं आपल्याला कळवलं नाही म्हणून ती बेन नंतर खाली येऊन रागावून म्हणाली, "महेमान छे ने, तो मने केम ना कह्युं?" आणि एक पातेलं कढी ठेवून गेली. काकांनी तीही संपवली.

मी खोलीत जाऊन रडले. हे हसण्यासारखं आहे, आता मलाही हसू येतं, पण तेव्हा मी फ्रीझरमधली रिकामी होत जाणारी जागा बघत होते आणि मला वाटत होतं की ही आपल्या हातून दुसऱ्यांदा जाणारी तयारी आहे. मागच्या वेळी आम्ही खाल्ली, ह्या वेळी ग्वाल्हेरचे खातात. आता मला ते दोघं डोळ्यांसमोर नको झाले होते. काकू किती वेळा म्हणाल्या, बेटा, तू बैस, मी करून घेते, आणि मी तुसडेपणाने 'नको' म्हणाले.

आठव्या दिवशी दुपारी काकूंच्या हातात आमटीचा डबा होता. त्या चष्मा सारून लेबलाची तारीख वाचत होत्या. मी दारात उभी होते, सासूबाई पोळ्या लाटत होत्या.

"वहिनी, तुमचं पत्र आम्हाला आलं त्यावरची तारीख मला पाठ आहे," काकू म्हणाल्या. "ह्या डब्यावरची त्याच्या तीन दिवस आधीची आहे. म्हणजे बोलावण्याच्या आधीपासून तुम्ही आमच्यासाठी बनवत होतात."

आणि त्या रडायला लागल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या की आम्हाला मूलबाळ नाही, आम्ही कुठे जात नाही असं सगळे म्हणतात, पण आमची वाट बघणारं तरी कोण असतं. कुणी छत्तीस डब्यांवर आमचं नाव लिहील असं कधी वाटलं नव्हतं. माझा आठ दिवसांचा राग तिथल्या तिथे बसला आणि मला स्वतःची लाज वाटली.

सासूबाईंचं लाटणं थांबलं होतं. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. पण तारीख कागदावर होती, आणि ते तीन दिवस खोटे होते. त्यांनी गॅस बंद केला, काकूंना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मागचे लाडू, चिठ्ठी, देवघर, नवऱ्याचा तोडगा, पत्र, सगळं. 'बाळ' हा शब्द मात्र तेव्हाही उच्चारला नाही. हिच्या पुढच्या दिवसांचं होतं ते, एवढंच म्हणाल्या.

काकूंनी डोळे पुसले. मग आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोटाकडे नीट, भरपूर पाहिलं.

"म्हणजे हे आहे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही लोक बोलत का नाही." मग सासूबाईंचा पिठाचा हात धरून म्हणाल्या, "तीन दिवस खोटं होतं. नंतर तर खरं झालं ना? आम्ही आलोच की."

बाहेर काका ताटावर बसले होते. काकू बाहेर गेल्या आणि हिंदीत काहीतरी भराभर बोलल्या. काकांनी तोंडाकडे नेलेला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "किती खाल्लं आपण?" काकूंनी फ्रीझरची काच सरकवून दाखवली. चार डबे उरले होते. काका उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि तिथून मला म्हणाले की सूनबाई, मला माफ कर, मला गॅस वाटला.

त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. काकांनी दवाखान्यात जायचं म्हणून कोट चढवला, वरपर्यंत बटणं लावली आणि रिक्षा आणायला धावले. रिक्षा आली, त्यात पुढे ड्रायव्हरशेजारी चेपून स्वतः बसले, आणि मला व नवऱ्याला मागे बसवून सगळ्या वाटेत प्रत्येक खड्ड्याची आगाऊ सूचना देत गेले. सासूबाई आल्या नाहीत. कार्य होईपर्यंत मी देवापाशी बसते, म्हणाल्या. संध्याकाळी सहाच्या आत मुलगी झाली, चांगली तीन किलोची, आल्या आल्या दवाखाना डोक्यावर घेणारी. नवऱ्याने घरी फोन लावला. तो म्हणाला, आईने बातमी ऐकून फोन काकूंकडे दिला आणि काकू म्हणाल्या, त्या नंतर बोलतील, आत्ता त्यांना बसू दे.

चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. भाकरतुकडा ओवाळला, मी मुलीला घेऊन आत आले आणि सोफ्यावर टेकले, फ्रीझरशेजारी. अस्वलावरचा रुमाल धुऊन इस्त्री केलेला होता. मी सहज काचेतून खाली पाहिलं, तर फ्रीझर काठोकाठ भरला होता.

काकूंनी भरला होता. चार दिवस त्या आणि बिनकटकटीने मेथी निवडणारे काका, दोघांनी मिळून. डबे तेच, लेबलंही तीच. ती निघत नाहीत, मीच तशी मागवली होती. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या की स्वयंपाक आमचा, पण लेबलांना वहिनींनी आम्हाला हात लावू दिला नाही. कंबर धरून टेबलाशी बसत होत्या, रोज थोडे थोडे असे सगळे डबे केले.

मी काच सरकवून वरचा डबा काढला. गार होता, लेबलावर दव धरलं होतं, ते अंगठ्याने पुसलं. 'ग्वाल्हेरचे पाहुणे', जुना पदार्थ आणि जुनी तारीख, तिन्हींवर एकेक सरळ रेघ होती, खालचं वाचता येईल अशी. त्याखाली मेथीची भाजी, मुलीच्या जन्मानंतरची तारीख, सासूबाईंची पूर्ण सही, आणि पहिल्या रेघेच्या शेजारी त्यांच्या शाळेच्या फळ्यावरच्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाळाची आई'.

मी दुसरा काढला. तिसरा काढला. छत्तीसच्या छत्तीस डब्यांवर तेच होतं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. माळ्यावरचा स्टीलचा डबा खाली उतरवलेला दिसत होता, तुपात डिंक फुलल्याचा वास येत होता. त्या म्हणाल्या, झाकण लाव, बाळाला गार लागेल.